कोणता व्हॅक्यूम क्लीनर दुकानात ठेवावा?

महाडकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. शौहर कुवेतची नोकरी सोडून कायमचे घरी आले, बाजारात एक गाळा घेतला, मिक्सर, इस्त्री, पंखे, गिझर असा माल भरला. हिशेब आणि गिऱ्हाईक दोन्ही त्या स्वतः पाहतात. त्या लिहितात : "रमजानच्या आधी आमच्याकडे घराघरांत सफाई निघते. गालिचे, सोफे, गाद्या. तीन-चार बायका विचारून गेल्या की व्हॅक्यूम क्लीनर ठेवता का? चाकांवरचा डबा आणि लांब नळी असलेला, परवडणारा आणि भरवशाचा असा एकच प्रकार ठेवायचा आहे. घाऊक व्यापारी रोज मोबाईलवर नवे फोटो पाठवतो. शौहर म्हणतात मोठ्या मोटरीचा घेऊ. तुम्ही काय म्हणता?"

भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, पण आधी माझ्या दुकानात झालेली एक चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कशासाठी आहे ते कळेल.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीत नवा गालिचा अंथरला, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ट्रस्टी मंडळी माझ्याकडे आली. माझ्याकडे तेव्हा घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचे चार नग पडून होते. त्यातला एक मी खरेदीच्या भावात दिला आणि मनात म्हटले, चला, आपल्याही हातून काही झाले. यंत्र रोज दीड तास चालू लागले. नव्या गालिच्यातून सुरुवातीचे काही महिने धागा गळतो, तो लोकरीसारखा भुरा पिशवीत भरत होता. पिशवी झटकायचे पोरांना सांगितले होते. तिच्यामागे मोटरीच्या तोंडाशी एक छोटा फिल्टर असतो, तो मी दाखवलाच नव्हता. अठराव्या रोज्याला जळका वास आला आणि यंत्र बंद पडले. कंपनीच्या माणसाने फोनवरच सांगितले की वॉरंटी घरगुती वापरापुरती आहे, मस्जिद त्यात बसत नाही. कार्डावर ते बारीक अक्षरात छापलेलेही होते. मी वाचले नव्हते.

पैसे मी परत केले. पण तरावीहला रोज तीच माणसे भेटायची आणि कोणी काही बोलत नव्हते, हे जास्त लागत होते.

मेकॅनिकने ते यंत्र माझ्यासमोर उघडले तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या आत नीट पाहिले. साध्या कोरड्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये मोटरीला गार ठेवणारी वेगळी हवा नसते. नळीतून जी हवा ओढली जाते तीच पिशवीतून, फिल्टरमधून गाळून मोटरीवरून जाते आणि मागून बाहेर पडते. फिल्टर तुंबला की ओढ कमी होते हे गिऱ्हाइकाला दिसते, पण मोटर आत भाजते आहे हे दिसत नाही. बऱ्याच यंत्रांत तापल्यावर बंद पडण्याची सोय असते. माणसे मात्र दहा मिनिटांनी पुन्हा बटण दाबतात, पुन्हा दाबतात, आणि एक दिवस वायंडिंग जाते.

आता मोठ्या मोटरीचे पाहू. खोक्यावर ठळक अक्षरात जे वॉट छापतात, ते यंत्र किती वीज घेते त्याचे माप आहे. ते किती धूळ उचलते याचे नाही. एखादा माणूस किती भाकऱ्या खातो यावरून तो किती काम करतो हे ठरवण्यासारखे आहे हे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरना १,६०० वॉटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची मर्यादा घातली. तिथल्या लोकांचे गालिचे काही त्यामुळे धुळीने भरले नाहीत. कंपन्यांनी पंखा, नळी, पुढचे तोंड यांची घडण सुधारली आणि कमी विजेत तेच काम केले. आपल्याकडे अजूनही वॉटवर माल विकला जातो.

मोठ्या मोटरीची आणखी एक अडचण आपल्या जुन्या घरांत आहे. २३० व्होल्टला ६ अँपिअरचा साधा प्लग पॉइंट म्हणजे १,३८० वॉट, त्यापुढे नाही. १,६०० वॉटच्या यंत्राला जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि तो बहुतेक घरांत गिझर किंवा फ्रिजपाशी एखादाच असतो. दिवाणखान्यातला गालिचा तिथे नेणार का? मग लोक स्वस्तातली एक्स्टेन्शन वायर लावतात आणि ती तापते. म्हणून माझा सल्ला १,००० ते १,३०० वॉटच्या दरम्यानचा आहे. तुमच्या शौहरांना हे सांगा. कुवेतच्या घरांत प्रत्येक पॉइंट १३ अँपिअरचा असतो, म्हणून त्यांच्या लक्षात हे आले नसेल.

आखाताचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. तुमच्याकडे लोक तिकडून आणलेले यंत्र घेऊन येतील, "याला फक्त नळी बसवून द्या" म्हणतील. सौदीतून आलेले जुने यंत्र असेल तर आधी मागची पट्टी वाचा. सौदीत पूर्वी घरांमध्ये १२७ व्होल्टचा पुरवठा असे. ते यंत्र आपल्या २३० वर लावले तर क्षणात जळेल, आणि तुमच्या हातात जळाले म्हणून तुमच्या नावावर जाईल.

मग वॉट नाही तर पाहायचे काय? ओढ किती, हे किलोपास्कलमध्ये देतात. बऱ्या यंत्रावर २० च्या आसपास किंवा वर आकडा असतो. पण हा आकडा नळीचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. दुकानात सेल्समन तळहात नळीला चिकटवून दाखवतो, तेच. धूळ हलते ती वाहत्या हवेने. तळहाताला घट्ट चिकटणारे यंत्रही गालिच्यावर फुसके निघू शकते, जर नळी अरुंद असेल किंवा सांध्यांतून हवा चोरली जात असेल. म्हणजे ओढ आणि वाहती हवा, दोन्ही हवीत. हवेचा आकडा मात्र स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर सहसा सापडत नाही.

त्यावर घरगुती उपाय आहे आणि मी तो प्रत्येक नव्या मॉडेलवर करतो. जुन्या गालिच्याचा हातभर तुकडा घ्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तो तोला. ५० ग्रॅम बारीक सुकी वाळू त्यावर पसरा आणि चपलेने चांगली रगडा. मग यंत्र दहा वेळा पुढे-मागे फिरवा आणि तुकडा पुन्हा तोला. किती वाळू राहिली ते कळले. ही झाली रिकाम्या पिशवीची परीक्षा. आता खरी. माळ्यावरची धूळ, उशीतला कापूस, झाडूखालचे केस असे काही ओढून पिशवी निम्मी भरा आणि तीच चाचणी पुन्हा करा. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर ते यंत्र परत पाठवा. गिऱ्हाईक घरी नेल्यावर पिशवी फक्त पहिल्याच दिवशी रिकामी असते.

हे माझे खूळ नाही. युरोपात व्हॅक्यूम क्लीनरवर विजेच्या बचतीचे लेबल लावत, त्याची चाचणी रिकाम्या पिशवीने होत असे. डायसन कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ते नियम याच कारणासाठी रद्द ठरवले. घरात यंत्र जसे वापरले जाते तशी ती चाचणी नव्हती, हे न्यायालयाला पटले.

पिशवीवाला घ्यावा की बिनपिशवीचा, पारदर्शक भांड्याचा? आजकाल मागणी भांड्यावाल्याला आहे, कारण फिरणारी धूळ दिसते आणि लोकांना बरे वाटते. त्याचा फिल्टर धुवावा लागतो आणि पुरता सुकेपर्यंत, साधारण एक दिवस, लावायचा नसतो. एप्रिलमध्ये ठीक आहे. आपल्या कोकणात जुलैमध्ये टॉवेल चार दिवस सुकत नाही, तिथे दाट घड्यांचा फिल्टर काय सुकणार? ओलाच लावला की वास येतो, बुरशी धरते आणि ओली हवा मोटरीवर जाते. शिवाय भांडे ओतताना निम्मी धूळ ओतणाऱ्याच्या नाकात जाते. कागदी पिशवी सगळ्यांत स्वच्छ, भरली की बंद करून टाकून द्यायची. पण तिच्यासाठी वर्षभर पैसे घालणारी गिऱ्हाइके आपल्याकडे फार नाहीत, आणि दोन वर्षांनी त्या मापाची पिशवी मिळेनाशी होते. म्हणून ज्यात कापडी पिशवी बसते आणि हवी त्याला कागदीही बसवता येते, असे मॉडेल शोधा. सोबत दोन फिल्टर मिळत असतील तर सोन्याहून पिवळे. एक धुवायला गेला की दुसरा लावता येतो.

दमेकरी मुलाची आई तुमच्याकडे येईल आणि हेपा फिल्टर आहे का विचारेल. तिला काय सांगायचे ते आताच ठरवून ठेवा, कारण विक्रीच्या भरात जीभ घसरते. हेपा चांगलाच असतो, अतिशय बारीक कण अडवतो. पण डब्याचे झाकण आणि सांधे घट्ट नसतील तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर पडते आणि हेपाचा उपयोग राहत नाही. गादीतली धूळ यंत्राने कमी होते, पण धुळीतले सूक्ष्म किडे धाग्याला चिकटून राहतात. ते मारायला चादरी आणि अभ्रे ६० अंश गरम पाण्यात धुवावे लागतात. मी सरळ सांगतो : गादीचे काम मूल खोलीत नसताना करा, पिशवी घराबाहेर रिकामी करा, चादरी गरम पाण्यात धुवा, आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. एक-दोन गिऱ्हाइके यावर विचार करून कळवतो म्हणून गेली. जाऊ द्यावीत.

आता सगळ्यांत महत्त्वाची वस्तू. ती मोटर नाही, नळी आहे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये निम्म्याहून अधिक नळीचे होते. लोक नळी धरून डबा ओढतात, दारात अडकला की हिसका देतात, आणि नळी नेमकी डब्यापाशी किंवा मुठीपाशी चिरते. युरोपच्या २०१७ च्या नियमात नळी ४०,००० वेळा वाकवूनही वापरण्याजोगी राहिली पाहिजे आणि मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे अशी अट आहे. आपण ४०,००० वेळा वाकवू शकत नाही, पण शंभरदा नक्की वाकवू शकतो. नमुन्याची नळी मुठीपाशी दोन्ही बाजूंना शंभर वेळा मुडपा, मग उजेडासमोर धरून पाहा. टोकाचे प्लास्टिक फिरवून निघते की डिंकाने चिकटवलेले आहे? फिरवून निघत असेल तर चिरलेले चार बोटे कापून पुन्हा बसवता येते. नळकांड्यांचा व्यास ३२ किंवा ३५ मिलिमीटर असेल तर दुसऱ्या कंपनीचे ब्रशही बसतात. भलतेच माप असेल तर गिऱ्हाईक कायमचे त्या एका कंपनीचे कैदी झाले.

५०० तासांचा हिशेब जरा मांडा. आठवड्याला अर्धा तास वापर म्हणजे वर्षाचे २६ तास. अशा घरात साधी मोटरसुद्धा पंधरा-वीस वर्षे जाईल. मस्जिदीत रोज दीड तास म्हणजे वर्षाला साडेपाचशे तास, वर्ष संपायच्या आत तिचे आयुष्य संपले. फिल्टर रोज साफ केला असता तरी मी दिलेले यंत्र पुढचा रमजान क्वचितच पाहते. मस्जिद, मदरसा, शादीचा हॉल, दवाखाना, शिंप्याचे दुकान यांच्यासाठी घरगुती यंत्र विकूच नका, कितीही आग्रह झाला तरी. त्यांना ओले-सुके दोन्ही ओढणारे, ३० लिटरच्या आसपासच्या टाकीचे, धंद्याच्या वापराची वॉरंटी लेखी देणारे यंत्र मागवून द्या. त्यात बहुधा मोटर गार करायची हवा वेगळी असते. किंमत जास्त पडते, ते त्यांना आधी सांगा.

ओल्याचा विषय महाडकरांना सांगायला नको. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर माझ्या ओळखीच्या दोघांनी साध्या कोरड्या यंत्राने घरातले पाणी ओढायचा प्रयत्न केला. यंत्र गेले, आणि शॉक बसला नाही हे नशीब. तुमच्या दुकानात कोरडे यंत्र जिथे मांडाल तिथे मराठी-उर्दूत मोठ्या अक्षरात पाटी लावा : पाणी ओढू नये, गरम राख ओढू नये. अगरबत्तीची आणि कोळशाची राख वरून गार दिसते, आत विस्तव असतो, आणि पिशवी कापडाची असते.

खरेदी करताना व्यापाऱ्याला किंमत विचारण्याआधी सुटे भाग विचारा. "पाच नळ्या, दहा पिशव्या, दहा फिल्टर आणि कार्बन ब्रशच्या पाच जोड्या पहिल्याच मालाबरोबर बिलात घालून द्या," एवढे म्हणा. जो हो म्हणेल त्याच्याशी पुढे बोला. "मागवून देऊ" म्हणणाऱ्याकडचे यंत्र कितीही देखणे असले तरी सोडा. कार्बन ब्रश म्हणजे मोटरीत घासणारे कोळशाचे दोन तुकडे. ते झिजतातच, आणि मिळाले तर थोडक्या पैशांत मोटर पुन्हा चालते. ऑर्डर देण्याआधी तुमच्या गावातल्या मेकॅनिकला नमुना उघडायला द्या. कार्बन बदलण्यासाठी सगळा डबा फोडावा लागतो का, हे तो पाच मिनिटांत सांगेल. शेवटी दुरुस्ती त्याच्याकडेच जायची आहे, कंपनीचे सर्व्हिस सेंटर मुंबईला नाहीतर पुण्याला.

खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, देशाचे नाव, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेले हवे. विजेच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३०२ हे मानक कुठे लिहिले आहे का तेही पाहा. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी दिसला पाहिजे. घाऊकवाला बिनबिलाचा माल स्वस्तात देईल आणि त्यात सुटणारा नफा मोहात पाडणारा असतो. ते यंत्र बिघडल्यावर परत नेऊन द्यायला तुमच्याकडे कागद नसतो आणि गिऱ्हाईक मात्र तुमच्याच दारात उभे असते.

स्वतःच्या तोंडाने जादा गॅरंटी देऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असे आहे की विक्रेत्याने कंपनीपेक्षा वेगळी हमी दिली आणि वस्तू तिला उतरली नाही, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. "पाच वर्षं काही होणार नाही, मी बसलोय ना!" हे वाक्य आपण दिवसातून दहादा म्हणतो. त्याऐवजी बिलावर लिहा : सात दिवसांत बिघाड झाल्यास बदलून मिळेल. तेवढेच लिहा आणि तेवढे पाळा.

माल पहिल्या खेपेला थोडाच भरा. एकाच मॉडेलचे चार नग आणि एक नमुन्याचा. ३,००० ते ६,००० रुपयांच्या पट्ट्यात तुम्हाला हवे ते मिळायला हरकत नाही. शाबान लागण्याआधी माल दुकानात हवा, कारण सफाई तेव्हाच निघते, आणि ईद झाली की वर्षभर तुरळक विक्री.

विक्रीबद्दल तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगतो, कारण इथे तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. ही वस्तू खोक्यात बंद राहून विकली जात नाही. भारतात ती घरोघर पोचली ती दुकानांतून नव्हे. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि तिची माणसे टाय लावून दारोदार गेली, लोकांच्याच गादीवर यंत्र फिरवून निघालेली धूळ त्यांच्याच समोर ओतून दाखवायची. आमच्या गावात मात्र ती माणसे दुपारी यायची, घरात फक्त बायका असायच्या आणि दार उघडायचे नाही. तुम्हाला ते दार उघडेल. नमुन्याचे यंत्र घेऊन ओळखीच्या घरी जा, एक गादी, एक सोफा साफ करून द्या, पिशवी कशी काढायची आणि मागचा फिल्टर कुठे आहे ते घरातल्या बाईच्या हाताने करवून घ्या. विकले गेले नाही तरी चालेल. विकताना मात्र फिल्टर दाखवायला विसरू नका. मी विसरलो होतो.

राहिला तुमच्या घरातला वाद, मोठी मोटर की लहान. व्यापाऱ्याकडून दोन्हीचा एकेक नमुना परत करण्याच्या बोलीवर आणा. गालिच्याचा तुकडा आणि वजनकाटा घ्या, पिशव्या निम्म्या भरा आणि शौहरांनाच यंत्र फिरवायला लावा. वजने तुम्ही लिहा. काय आकडे आले ते मला कळवा, पुढच्या अंकात छापू.